नमुना क्रमांक नऊ

आमच्या सासुरवाडीत जे काही दारातून आत येतं त्याचं आधी वजन होतं. सासरेबुवा छत्तीस वर्षं गोदामपाल होते. निवृत्त होताना साहेबांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं, तर यांनी घड्याळ नाकारून गोदामातला जुना तराजू मागून घेतला. तो आता स्वयंपाकघराच्या दाराशी असतो आणि त्यावर कलिंगडं, रद्दी, नातवंडं, पाहुण्यांच्या बॅगा असं सगळं चढतं-उतरतं. आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिले जातात. आमचं लग्न ठरलं त्या दिवशी माझंही वजन झालं होतं. ते अजून तिथे आहे, माझ्या साडूच्या वजनाच्या बरोब्बर खाली आणि त्याच्यापेक्षा अकरा किलोंनी कमी. मी ते दोनदा खोडायचा प्रयत्न केला, पण सासरेबुवांची पेन्सिल फार कडक आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, सासरचे 'मोठे जावई'. विमा कंपनीत व्यवस्थापक. उंच. डोक्यावर सगळे केस. मी मत्सरी माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. साडूने घर घेतलं तेव्हा मी पेढे खाल्ले, गाडी घेतली तेव्हा मागच्या सीटवर बसून 'वा' म्हणालो, त्याला बढती मिळाली तेव्हा तर फोन मीच केला. आता फोन ठेवल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही, ते हवामानामुळे.

पण मांजराचं प्रकरण वेगळं होतं. सासूबाईंच्या मांजरीला दोन पिल्लं झाली आणि सासूबाईंनी ती दोन मुलींना एकेक वाटून दिली. एकाच आईची, एकाच दिवसाची, रंगसुद्धा तोच, राखाडी. एक आमच्याकडे आलं, तिचं नाव पडलं सुतळी. एक साडूकडे गेलं, तिचं नाव त्याने ठेवलं महाराणी. म्हणजे बघा, घर, गाडी, पगार या सगळ्यांत दैव वगैरे म्हणता येतं. इथे तशी पळवाट नव्हती. दोन्हीकडे माल सारखाच दिला होता आणि वर्षभराने तो तराजूवर येणार होता.

आला. लस टोचायला दोघींना एकाच रविवारी सासरी आणलं होतं. महाराणी चार किलो नऊशे. सुतळी तीन किलो शंभर. सासरेबुवांनी तराजूचा काटा थांबेपर्यंत वाट पाहिली, आकडे लिहिले, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मग घरातल्या सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "घरात काही कमी-जास्त असेल तर मोकळेपणाने सांगा हो. संकोच करू नका."

"आमची फक्त डब्यातलं खाते," साडू म्हणाला. "सीलबंद डबे असतात ना, ते. बाकी कशाला तोंड लावत नाही. महाग पडतं जरा, पण आता जबाबदारी घेतली म्हटल्यावर..." असं म्हणून त्याने वाक्य सोडून दिलं. साडूची वाक्यं अशी सोडलेलीच असतात, उचलायचं काम आपलं.

"कुठले डबे?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय साडूभाऊ? तुमची घरचं खाते ना? छान आहे की."

घरी येताना मी बायकोकडे चोरून बघितलं. ती सुतळीची टोपली मांडीवर घेऊन बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती. मला पक्कं वाटलं की ती मनातल्या मनात हिशोब करते आहे: दोन बहिणी, दोन जावई, आणि आपल्या वाट्याला आलेला अकरा किलोंनी कमी. त्याच क्षणी मी ठरवलं की या घरात एकदा तरी, एका गोष्टीत तरी, तो माणूस माझ्या खाली लिहिला गेला पाहिजे.

आता माझ्या बाजूने एक गोष्ट होती. मी धान्य तपासणी प्रयोगशाळेत आर्द्रता विभागात काम करतो. सोप्या भाषेत सांगायचं तर मी पाणी मोजतो. गव्हाचा नमुना येतो, मी तो छोट्या डबीत घालून वजन करतो, एकशे पाच अंशांवर ओव्हनमध्ये ठेवतो, वाळला की पुन्हा वजन करतो. जे कमी झालं ते पाणी. एकोणीस वर्षं मी हेच करतो आहे आणि नातेवाइकांत कुणी कधी कौतुकाने विचारलेलं नाही की बुवा, आज किती पाणी निघालं? पण मांजराच्या डब्यांत मुख्य भानगड पाण्याचीच असते, हे साडूला माहीत नव्हतं. मला होतं.

दुसऱ्या दिवशी मी भिंग घेऊन दुकानात गेलो. प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानात एक अख्खी भिंत डब्यांची होती. प्रत्येक डब्यावर एक तृप्त मांजर, आणि त्या मांजराच्या पोटाखाली मुंगीच्या अक्षरांत मजकूर: प्रथिनं इतकी, मेद इतका, आर्द्रता इतकी. एका डब्यावर प्रथिनं अकरा टक्के, शेजारच्यावर नऊ. सामान्य माणूस अकरावाला उचलणार. पण अकरावाल्यात पाणी पंचाहत्तर टक्के आणि नऊवाल्यात ब्याऐंशी. पाणी काढून टाका आणि उरलेल्या कोरड्यात बघा, तर पहिल्यात प्रथिनं चव्वेचाळीस टक्के आणि दुसऱ्यात पन्नास. म्हणजे कमी दिसणारा डबा खरा जास्तीचा. हा शोध लागल्यावर माझं मन इतकं भरून आलं की मी तिथेच जमिनीवर बसून वही उघडली. त्यात पुन्हा डबे कुणी पंचाऐंशी ग्रॅमचा, कुणी शंभराचा, कुणी एकशे सत्तरचा. किमती सगळ्या वेगळ्या. मी तासभर बेरजा-भागाकार करत होतो.

शेवटी दुकानदार माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि फार मायेने म्हणाला, "काका, घरात किती जण आहात?"

"तिघं. एक मांजर धरून."

त्याने सगळ्यात खालच्या फळीवरचा एक पिवळा डबा काढून माझ्या हातात दिला. त्याच्यावरचं मांजर तिरळं होतं. "हा घ्या. सगळ्यात स्वस्त आहे. आणि चांगलं उकळून घ्या, पोटाला बाधत नाही."

तो मला काय समजला होता ते लक्षात येईपर्यंत मी घराच्या जिन्याशी पोहोचलो होतो. परत जाऊन खुलासा करावा असं वाटलं, पण प्रत्येक प्रकारचा एकेक डबा मिळून दहा डबे घेतले होते, ते घेऊन खुलासा आणखीच अवघड झाला असता.

घ्यायचा राहिला होता तो अकरावा, साडूचा. तो कुठला हे कळल्याशिवाय सगळ्या अभ्यासाला अर्थ नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना मी वाट वाकडी करून त्याच्या घरी गेलो, पाणी मागितलं, "राहू दे ताई, मीच घेतो" म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि कचऱ्याच्या बादलीत हात घातला. सोनेरी झाकणाचा डबा होता. नाव वाचायला चष्मा नव्हता, पावलं वाजली, म्हणून मी डबा पँटच्या खिशात घातला. तो पूर्ण रिकामा नव्हता हे सोफ्यावर बसल्यावर कळलं. महाराणी कपाटावरून उतरली, सावकाश चालत आली आणि माझ्या मांडीवर चढून खिसा चाटू लागली.

"बघा," साडू म्हणाला, "तिला माणसांची पारख आहे." मी पाऊण तास हललो नाही.

मग तसाच एक भरलेला डबा दुकानातून आणला आणि तक्ता तयार झाला. चौदा रकाने होते. पहिला वाचक म्हणून तो मी शेजारच्या हेडसरांना दाखवला. हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. कागद दिसला की त्यांच्या हातात लाल पेन आपोआप येतं. त्यांनी चौथ्या रकान्यात एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापला, सातव्यात समास सोडला नाही म्हणून अर्धा, आणि शेवटी शेरा मारला: 'माहिती छापील. विद्यार्थ्याने स्वतः पडताळून पाहिलेली नाही.'

"डब्यावर लिहिलंय की सर," मी म्हणालो.

"डब्यावर काय, परीक्षेत मुलंसुद्धा हवं ते लिहितात," हेडसर म्हणाले. "तू पाणी मोजणारा माणूस ना? मग मोज की."

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्या दारात पाच भटकी मांजरं पडलेली असतात, एकेक उशीएवढं. त्या तोंडातली टाचणी काढून म्हणाल्या, "अहो, पण मांजराला विचारलंत का?"

हा अशास्त्रीय प्रश्न होता, तरी मी तोही रकाना वाढवला. त्या संध्याकाळी अकरा डबे उघडले, अकरा बशा मांडल्या आणि सुतळीला मध्ये आणून ठेवलं. तिने पहिल्या बशीचा वास घेतला, मग माझा घेतला, आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली. बायको ओट्यापाशी होती. हल्ली ती सुतळीचं खाणं स्वतःच बघायची, 'तुम्ही तुमचा तक्ता करा' म्हणायची, आणि माझी त्याला हरकत नव्हती. अभ्यासकाला मोकळा वेळ लागतो.

प्रत्येक डब्यातलं पन्नास-पन्नास ग्रॅम मी छोट्या स्टीलच्या डब्यांत काढून झाकणांवर एक ते अकरा आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, फ्रिजमध्ये ठेवल्या, उरलेलं मावशींच्या मांजरांना पोचतं केलं आणि सकाळी पिशवी घेऊन प्रयोगशाळेत गेलो. मधल्या सुट्टीत ओव्हन रिकामा असतो. डब्या भरल्या, वजनं केली. तपासणीत एक ताळ्याचा नमुना लागतो, म्हणजे ज्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक असतं असा. तो आणला नव्हता, म्हणून माझ्या जेवणाच्या डब्यातला भोपळा चमचाभर घातला. क्रमांक बारा.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. गहू वाळताना वास येत नाही. मासळीचा रस्सा आणि कोंबडीचं आतडं एकशे पाच अंशांवर वाळताना येतो. शिवाय आमच्या ओव्हनचं धुराडं वरच्या मजल्यावर संचालकांच्या बैठकीच्या खोलीच्या खिडकीखाली उघडतं. त्या दिवशी त्यांच्याकडे बाहेरून पाहुणे आले होते. पाहुण्यांनी म्हणे आधी एकमेकांच्या बुटांकडे बघितलं, मग संचालकांकडे.

अर्ध्या तासात विभागप्रमुख बाई नाकाला रुमाल लावून ओव्हनसमोर उभ्या होत्या.

"हे काय आहे?"

"नमुने," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

"कुणाचे? नोंद क्रमांक काय?"

आमच्या बाई माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच असतं की जगात जे काही आहे त्याला नोंद क्रमांक असावा. नोंद नसलेला नमुना ओव्हनमध्ये म्हणजे माझ्यावर खुलाशाची नोटीस. नोंद असली तर तो फक्त दुर्गंधीयुक्त नमुना, आणि दुर्गंधीला नियमात बंदी नाही. त्यांनी स्वतःच अर्ज पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "मी पाच मिनिटांनी येते. तोवर कुणीतरी अर्जदार असू दे."

अर्जात धान्याचा प्रकार विचारला होता. गहू, तांदूळ, डाळी, इतर भरड. मी 'इतर भरड' वर खूण केली. पीक कुठल्या हंगामातलं? बारमाही. कीड लागली आहे काय? नाही. नमुन्याचं वर्णन: लाल डबा, निळा डबा, सोनेरी झाकण, तिरळं मांजर. मग आलं अर्जदाराचं नाव. खाली बारीक टीप होती: कर्मचारी अथवा त्याच्या घरात राहणारी व्यक्ती अर्ज करू शकत नाही. बाईंच्या चपलांचा आवाज येऊ लागला. मला आयुष्यात स्वतःच्या पत्त्याखेरीज एकच पत्ता तोंडपाठ आहे, कारण त्या घराचा विचार मी सगळ्यात जास्त वेळा केला आहे. मी साडूचं नाव लिहून टाकलं.

यात भ्यायचं काही नव्हतं. अहवाल टपालाने अर्जदाराला जातो खरा, पण आमचा जावक कारकून इतका संथ आहे की मागच्या वर्षीच्या गव्हाचे अहवाल अजून त्याच्या टेबलाखाली आहेत. अहवाल तयार झाला की सावकाश त्याच्याकडून हातोहात घ्यायचा, असं मी ठरवलं.

एकवीस दिवसांनी आकडे आले. प्रथिनांची तपासणी शेजारच्या टेबलावरचा सहकारी करतो, तो धावतच आला. "अरे, हा नऊ नंबर कसला आहे? मी दोनदा करून बघितला. पाणी सदुसष्ट, प्रथिनं चोवीस. कोरड्यावर त्र्याहत्तर टक्के! असा माल मी बघितला नाही."

नऊ नंबर म्हणजे तिरळं मांजर. सगळ्यात स्वस्त. आणि साडूचं सोनेरी झाकण? पाणी सत्त्याऐंशी टक्के, प्रथिनं पाच, किंमत सगळ्यात जास्त, अकरा डब्यांत अकरावा. तो माणूस वर्षभर महाराणीला सोन्याच्या भावाने पाणी पाजत होता. मी प्रसाधनगृहात जाऊन दार लावलं आणि एकटाच हसलो. इतकं हलकं मला बढतीच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. अर्थात ती साडूची होती.

बाराव्या नमुन्यात प्रथिनं एक टक्का निघाली. पण तो स्पर्धेत नव्हता.

अहवाल मागायला मी जावक कारकुनाकडे गेलो. तो खुर्चीत ताठ बसला होता, टेबल रिकामं होतं. "साहेबांनी झापलं," तो अभिमानाने म्हणाला. "आजपासून आला कागद की त्याच दिवशी रवाना. तुझा सकाळीच गेला, अर्जाची प्रत जोडून."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. साडूचा फोन येईल, मग सासरेबुवांचा येईल, मग प्रयोगशाळेत कळेल की मी दुसऱ्याच्या नावाने अर्ज केला, मग नोकरी जाईल, आणि साडू मला त्याच्या ओळखीने कुठेतरी चिकटवून देईल. या शेवटच्या विचाराने मला घाम फुटायचा. फोन आला नाही. सव्वा महिन्याने सासरेबुवांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला, आणि 'दोन्ही मांजरं घेऊन या' असा निरोप.

जेवणं झाली. साडू उभा राहिला आणि त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. आमच्या प्रयोगशाळेचा शिक्का मला सहा फुटांवरून दिसला.

"मला बरेच दिवस शंका होती," साडू म्हणाला, "की या डब्यांत खरं काय असतं. सगळेच विकत घेतात, विचारत कुणी नाही. म्हणून मी रीतसर तपासणी करून घेतली."

मी पाण्याचा पेला घट्ट धरला. मला वाटलं होतं तो चिडलेला असेल, गोंधळलेला असेल, चौकशी करत असेल. आपल्या नावाने सरकारी शिक्क्याचा कागद घरी येतो आणि माणसाला एवढाही प्रश्न पडत नाही की हे कुठून आलं! त्याने सगळा अहवाल वाचला. 'कोरड्यावर' हा शब्द तो असा उच्चारत होता, जसा काही त्याच्या आईने त्याला दुधातून पाजला होता.

"आता यात आमचंच सोनेरी झाकण शेवटी आलंय," तो हसून म्हणाला. "पण मी ते लपवणार नाही. स्वतःवर शंका घेणं हेच महत्त्वाचं."

"वा!" सासरेबुवा म्हणाले. "याला म्हणतात चौकस माणूस."

"नमुना बारा तर काय आहे देव जाणे. प्रथिनं एक टक्का! हे कुणी मांजरापुढे ठेवत असेल तर त्याची तक्रार व्हायला हवी." सगळे हसले. बायकोही हसली. मी हसलो की नाही ते आठवत नाही. "आणि पहिला आला नऊ. मी लगेच चार डझन आणून टाकले."

मी ओरडणार होतो की हे माझं आहे, पाणी माझं आहे, ओव्हन माझा आहे, तो वास माझा आहे! पण ओरडलो असतो तर अर्जावर खोटं नाव कुणी लिहिलं हेही ओरडावं लागलं असतं. मी पेला खाली ठेवला.

"मग? महाराणीने खाल्लं का?" मी जेमतेम विचारलं.

"तोंडही लावलं नाही," साडू म्हणाला. माझ्या जिवात जीव आला. "शेवटी घरातलंच थोडंथोडं खायला लागली. आणि गंमत म्हणजे डॉक्टर खूश झाले. म्हणाले, हिचं वजन भयंकर वाढलं होतं, उतरवायलाच हवं होतं. कसं जमवलंत म्हणून विचारत होते."

सासरेबुवांनी महाराणीला तराजूवर ठेवलं. चार किलो तीनशे. टाळ्या वाजल्या. मग सुतळी. मला आशा होती की निदान आता बारीक असण्याचा तरी काही उपयोग होईल. काटा वर गेला, थोडा खाली आला आणि तीन किलो नऊशेवर थांबला.

"आठशेने वाढली!" सासरेबुवांनी चष्मा काढला. "बघा, मोठ्या जावयांनी कशी आटोक्यात आणली. तुमची सुटत चालली आहे हो जावईबापू. लक्ष ठेवा."

घरात आल्यावर बायकोने टोपलीतून सुतळीला सोडलं, फ्रिजमधून एक पातेलं काढलं आणि त्यातले मऊ तुकडे बशीत घातले. सुतळी डोळे मिटून खाऊ लागली.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"नऊ नंबर," बायको म्हणाली.

मी पातेल्यात डोकावलो.

"त्या दिवशी फ्रिजमधून दूध काढताना तुमचा नऊ नंबरचा डबा माझ्या हातून पडला. सगळं फरशीवर. मी सुतळीसाठी कलेजी उकडली होती, तीच बारीक करून भरली आणि तुमची चिठ्ठी पुन्हा लावली. कोंबडीवाला जवळजवळ फुकट देतो. बाबांकडे वजन करून आलो ना आपण, त्याच दिवसापासून देते तिला. मलाही लागलं होतं ते."

"अगं, मग सांगायचं नाही का? शास्त्रीय तपासणी होती ती!"

"सांगणार होते. पण तुम्ही शिट्टी वाजवत होता. चिठ्ठ्या चिकटवताना. किती वर्षांनी वाजवलीत तुम्ही शिट्टी. मला म्हणवलं नाही, पहिल्यापासून करा म्हणून."

मी खाली बसलो. माझ्या डोक्यात चार डझन तिरळी मांजरं एका रांगेत उभी राहिली, साडूच्या फळीवर.

"आज स्वयंपाकघरात ताईने अर्जाची प्रत दाखवली मला," ती पुढे म्हणाली. "म्हणाली, 'हे अक्षर यांचं नाही. ओळखतेस का गं कुणाचं?'"

"मग?" मी विचारलं.

"म्हटलं, असेल कुणा कारकुनाचं." ती पातेलं झाकू लागली. "ताईशी कधी खोटं बोलले नव्हते मी. तिलाही खरं काय ते कळलं असावं. म्हणाली, 'आमच्याकडे आलेलं सगळं आपणच मिळवलं असं वाटतं यांना. तुझा निदान दुसऱ्याच्या वाट्याला काय आलं ते बघतो तरी.' आणि कागद फाडून टाकला."

मी त्या खिडकीबाहेर बघणाऱ्या बायकोच्या डोक्यात जो हिशोब चालू आहे असं समजत होतो, तो तिने कधी मांडलाच नव्हता. ती तेव्हा कलेजीचा विचार करत होती. मला एकाच वेळी फार बरं वाटलं आणि फार लाज वाटली. मी ते तिला सांगितलंही. ती म्हणाली, "बरं, आता हात धुवा."

मी हात धूत असताना तिने मागून विचारलं, "आणि बारा नंबर?"

"तो... तो ताळ्याचा होता."

"मंगळवार होता," बायको म्हणाली. "मंगळवारी भोपळा असतो."

मी नळ बराच वेळ चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा पिशवीतून काढला. झाकणावर माझ्याच अक्षरातली जुनी चिठ्ठी चिकटवलेली होती: ९. आत कांद्यावर परतलेली कलेजी होती, काठोकाठ. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मान वर केली. त्याच्या डब्यात भोपळा होता. तो माझ्या डब्याकडे बघत राहिला, मग स्वतःच्या, मग पुन्हा माझ्या.

मी झाकण पूर्ण उघडून डबा जरा त्याच्या बाजूला सरकवला, म्हणजे त्याला नीट दिसावं, आणि सावकाश जेवायला बसलो.